पदरातले पाच पत्ते

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधीच नीट कळलं नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच जुळवून वाचावं लागतं. चौथी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं. त्यानंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरता. हे मी कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती पडलंच तर हसू नये, एवढंच.

गोष्ट पत्त्यांची आहे. आमच्याकडे पत्ते म्हटलं की माणसं तोंड वाकडं करतात. पत्ते म्हणजे जुगार, पारावर गोल करून बसलेले गडी आणि घरी भांडणं. हे पत्ते तसले नव्हते, लेकरांचे होते. तरी मी, एका पोरीची आई, दाराला कडी घालून ते लावत बसायची. आणि त्या पत्त्यांपायी मी माझ्या एकुलत्या एका मैत्रिणीला फसवलं. लिहिताना आताही कान गरम होतात.

पोरगी तेव्हा सहावीत होती. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि गावात केबल येऊन फार दिवस झाले नव्हते. पानटपरीवरच्या टीव्हीत परदेशातले पहिलवान एकमेकांना आपटायचे आणि सगळी लेकरं रस्त्यात उभी राहून बघायची. त्याच पहिलवानांचे पत्ते स्टँडजवळच्या दुकानात आले. दोन रुपयांना पुडी, पुडीत तीन पत्ते. कोणते निघतील ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. पत्त्यावर पहिलवानाचा फोटो आणि खाली त्याची मापं: उंची, वजन, छाती, दंड.

खेळ सोपा होता. प्रत्येकानं आपल्या पत्त्यांतून वीस निवडून गड्डी करायची. दोघांनी समोरासमोर बसून वरचा पत्ता उचलायचा. ज्याची पाळी असेल त्यानं आपला पत्ता बघून एक माप बोलायचं, "वजन!" किंवा "छाती!" मग दोघांनी पत्ते खाली टाकायचे. ज्याचं माप जास्त, त्यानं दोन्ही पत्ते ओढायचे, आणि पुढचं माप बोलायची पाळीही त्याचीच. वीस संपले की एक डाव झाला. तीन डावांत दोन जिंकेल तो खरा. शेवटी ज्याचे त्याला पत्ते परत, पण जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या गड्डीतला मनाला येईल तो एक पत्ता कायमचा घ्यायचा.

शिवाय प्रत्येकाजवळ पाच पत्ते जादा असायचे. एक डाव झाला की समोरच्याची चाल बघून गड्डीतले नको ते काढायचे आणि त्या पाचांतले हवे ते घालायचे. पोरं त्यांना 'खिशातले' म्हणायची. माझ्या पोरीच्या फ्रॉकला खिसा नव्हता. ती ते रुमालात बांधून न्यायची आणि घरी आली की माझ्या पदरात टाकायची. म्हणून आम्ही दोघी त्यांना पदरातले म्हणायचो.

पोरगी पहिल्यांदा रोज हरायची. एकदा चुलीपुढं बसून रडायला लागली. "माझ्याजवळ इतके भारी पत्ते हायत माय, तरी ते तांड्यावरचं पोरगं रोज जिंकून राहिलं."

मी हात पुसून पत्ते घेतले. नावं इंग्रजीत होती, ती मला वाचता येत नव्हती. पण इंग्रजी आकडे येत होते, वजनकाट्यावर बघून बघून शिकलेले. नावं आम्हीच ठेवली. ढेरपोट्या, दाढीवाला, लंबू. एकाचे केस कमरेपर्यंत होते, त्याला गवळण म्हणायचो. सगळ्यांत उंच होता त्याला ताडमाड, पण तो आमच्याजवळ नव्हता. तो तांड्यावरच्या त्या पोराजवळ होता.

पोरीनं सगळे भारी पत्ते वर आणि हलके खाली लावले होते. खेळ सुरू व्हायच्या आधी समोरचा गड्डी काटतो, म्हणजे मधूनच उचलून खालचा भाग वर आणतो, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. काटली की हिचे हलके वर यायचे. मला आमचं कापसाचं वावर दिसलं. कापसाच्या चार ओळी झाल्या की एक तुरीची ओळ असते, मग वावर कुठूनही तोडा, तूर लागतेच. तसे मी पत्ते पोत्यावर मांडले. एका मापात एकदम चढ असलेले तीन-चार, मग एक असा की सगळ्या मापांत बेताचा. बोलायची पाळी आपली असली की एकच माप मोठं असलेला पत्ता पुरतो. ढेरपोट्या उंचीत मार खायचा, छातीत मार खायचा, पण "वजन" म्हणायला मिळालं की त्याला तोड नव्हती. पाळी गेली की मात्र तो कामाचा नाही, तिथं बेताचाच पत्ता तग धरतो आणि पाळी परत आणतो. मग गोळा केले, परत मांडले, गवळण काढली, दाढीवाला घातला. भाजी खाली लागली तरी मला वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी जिंकून आली.

मला कधी कुणी, तुला हे चांगलं जमतं, असं म्हटलं नव्हतं. पोरगी म्हणाली, "माय, तुला लई जमतंय." त्या एका बोलण्यावर मी कितीतरी दिवस खूश होते. नवरा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, दिवेलागणीनंतर घरी यायचा. तो यायच्या आत पत्ते पोत्याखाली जायचे.

थंडी सरत आली की हळदीचं काम सुरू होतं. आम्ही दहा-बारा बायका टोळी करून कुरुंद्याच्या बाजूला जायचो. हळद शिजून वाळली की मोठा ढीग घालतात, बायका भोवती बसतात आणि निवडतात. लांब हळकुंडं एकीकडं, जाडे गोल गड्डे एकीकडं, चुरा वेगळा. हात सहा-सहा महिने पिवळे राहतात. माझ्या हातांचा रंग पत्त्यांनाही लागला. शाळेत पोरांनी माझ्या पोरीला चिडवलं, "हिच्या पत्त्यायला हळद लागली रे! कोणासंग लगीन हाय?" पोरगी माझ्यासारखी नाही. ती म्हणाली, "तुह्या पहिलवानासंग. हुंडा काय देतो बोल." हे तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले.

टोळीत मी बोलत नसे. मला बोलता येत नाही असं नाही, पण चार माणसं ऐकतात म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. पहिल्या वर्षी मी ढिगाच्या कडेला, उन्हात बसायचे. तांड्यावरच्या एका बाईनं मला हाताला धरून आपल्याजवळ सावलीत आणलं. म्हणाली, "बस इथं. बोलू नको, पर बस." त्या दिवसापासून मी तिच्याजवळ बसायची, आणि तीच माझी मैत्रीण झाली. ती दोघींचंही बोलायची. सासूचं, नवऱ्याचं, शेळीचं. तिच्या बोलण्यानं अख्खा ढीग हसायचा. ज्या पोराजवळ ताडमाड होता, तो तिचा पोरगा.

ढिगावर बायका काय काय बोलायच्या ते मी लिहिणार नाही. कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या घरात काय शिजलं नाही, सगळं निघायचं. संध्याकाळी हात धुतले की ते तिथंच राहायचं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण गावात येऊन कुणी कुणाचं सांगितलं असं कधी झालं नाही. त्याच्यावरच तर सगळ्या इतक्या मोकळ्या बोलायच्या.

त्या वर्षी लेकरांच्या पत्त्यांचं बोलणं फार व्हायचं, कारण सगळ्यांच्याच घरात तो ताप होता.

"माझं लेकरू झोपेत 'उंची, उंची' करून राहिलं," मैत्रीण म्हणाली. "म्या म्हणलं, उंची काय करतो मुडद्या, आधी नाक पुसाय शीक."

"माझं तर वजनावर बसलंय," दुसरी म्हणाली. "जेवाय बसलं तरी मला इचारतं, माय, तुहं वजन किती?"

"मग सांगितलं का?"

"सांगितलं असतं तर गड्डीत घातलं असतं मला!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मनात धरलं: हिचा उंची बोलतो, तिचा वजन बोलतो. घरी आले आणि पदरातले पाच बदलले. उंची बोलणाऱ्यासाठी दोन लंबे, वजन बोलणाऱ्यासाठी दोन जाडे, आणि एक मोकळा. पोरीला सांगितलं, पहिला डाव झाला की अमक्यापुढं हे घाल, तमक्यापुढं ते.

"तुला कसं ठावं माय?"

"ठावं हाय," मी म्हणाले.

मग मला तो नादच लागला. सकाळी टोळीबरोबर निघाले की आज काय ऐकायला मिळेल याकडे माझा कान. कोणाचं पोर रागावलं की घाई करतं, कोणाचं चांगला पत्ता शेवटपर्यंत दाबून ठेवतं, कोणी नवी पुडी घेतली आणि त्यात काय निघालं. आया कौतुकानं सांगायच्या, काळजीनं सांगायच्या. मी मान खाली घालून हळकुंडं निवडायची, आणि सगळ्यांना वाटायचं, गरीब गाय आहे बिचारी. पोरगी एकामागून एक जिंकत गेली. मैत्रिणीच्या पोराचा ताडमाडसुद्धा आमच्याकडे आला. तो माझ्या हातात आला तेव्हा मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते ते सांगायला लाज वाटते.

पाडव्याच्या आधी दुकानदारानं कुरुंद्याच्या बाजारात पोरांची स्पर्धा ठेवली. दोन रुपये भरायचे, आणि शेवटी जो जिंकेल त्याला पुड्यांचा अख्खा डबा. आसपासच्या गावांतली पोरं आली होती. त्यांत माझी एकटी पोरगी. मी बाजाराच्या निमित्तानं गेले आणि वांगी विकणाऱ्या बायकांच्या मागं डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिले. माझ्यासोबत पाण्याची बाटली होती. पोरगी डावाडावांच्या मध्ये पाणी प्यायला यायची आणि मी तिला दोन शब्द सांगायची.

दुपार कलली तेव्हा शेवटचे दोघं उरले, माझी पोरगी आणि मैत्रिणीचा पोरगा. मैत्रीणही आली होती. मला शोधत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

"बघ की," ती म्हणाली, "तुही लेक आन माझं लेकरू. कोणीबी जिंको, डबा आपल्याच टोळीत."

पहिला डाव पोरगी जिंकली, दुसरा तो जिंकला. मैत्रिणीनं माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणलं.

"कोणाला सांगू नको बरं. त्याला कळलंय, समदे त्याला उंचीवाला म्हणून वळखतात. तिसऱ्याला तो उंचीवाले काढून टाकणार. समदे छातीवाले खिशात ठेवलेत त्यानं, चार दिवसांपासून. मला एकटीला दाखवले."

माझी पोरगी पाणी प्यायला येतच होती.

मी तिथं गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं. माझं मनगट अजून मैत्रिणीच्या हातात होतं. मी ते सोडवून घेतलं, बाटलीचं टोपण काढलं, पोरीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "ताडमाड काढ. लंबू काढ. पदरातले छातीवाले घाल, तिन्ही. तो छाती बोलणार हाय." पोरीला पटेना. "तो तर उंची..." "मी सांगते तसं कर," मी म्हणाले. इतक्या जोरानं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

तो छाती बोलला. पोरीनं त्याच्यापेक्षा मोठी छाती टाकली. परत छाती बोलायची त्याला पाळीच आली नाही. डाव संपला तेव्हा पोरगा हातातल्या पत्त्यांकडे बघतच राहिला. मग त्यानं मान वर केली आणि गर्दीत आपल्या आईला शोधलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. कुणी अंधारात हात सोडून द्यावा तसं त्याचं तोंड झालं होतं. तेव्हा मला वाटलं, पोरगं हरलं म्हणून असेल.

मैत्रीण म्हणाली, "असू दे. खेळच हाय." आणि ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

पुढचे दोन दिवस ती कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, डोळे सुजलेले. टोळीत वयानं मोठी होती तिला आम्ही आत्या म्हणायचो. आत्यानं विचारलं तशी तिनं सांगितलं. चुलीच्या जागेवर छपराचे पत्रे टाकायला तिनं वर्षभर तीनशे रुपये साठवले होते. पैशांच्या डब्यात हात घातला तर तो रिकामा. पोरानं थोडे थोडे काढून पुड्या घेतल्या होत्या. स्पर्धेतला डबा जिंकला की त्यातल्या पुड्या विकून पैसे परत ठेवायचे, असा त्याचा हिशेब होता. बापानं त्याला मारलं, त्याचे सगळे पत्ते हळद शिजवायच्या भट्टीत टाकले आणि त्याला मामाकडे सिद्धेश्वरला पाठवून दिलं, उसाला पाणी द्यायला. तीनशे रुपये फिटल्याशिवाय शाळेचं नाव काढायचं नाही, असं म्हणाला.

"आन परीक्षा?" आत्यानं विचारलं.

"मामा महिन्याला शंभर देतो. तीन महिन्यानं फिटतील. परीक्षा तर पुढल्याच महिन्यात हाय."

ढिगापलीकडून एकजण म्हणाली, "तुमच्यात पोरायला तशी सवयच असतीय म्हणा. हाताची."

मैत्रिणीच्या हातातलं हळकुंड थांबलं. "माझ्या घरचे पैसे, माझ्या लेकरानं घेतले. तुमच्या घरचं काय गेलं, वैनी?"

"न्हाई, म्या आपलं बोलले. तिची पोरगी बघ की," म्हणून त्या बाईनं माझ्याकडे हात केला. "ती बी तेच खेळली, पर नीट खेळली. वळण लागतं त्याला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्याच वेळी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी मान खाली घातली आणि गड्डे निवडत राहिले. मैत्रिणीच्या बांगड्या माझ्या कोपराला लागत होत्या, इतकी ती जवळ होती. मी गप्प बसले आणि माझं कौतुक होऊ दिलं. आयुष्यात मला कशाची सगळ्यांत जास्त लाज वाटते असं कुणी विचारलं, तर ती ही. बाजारात जे केलं त्याच्यापेक्षाही ही.

त्या संध्याकाळी मी पोरीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती उठली, जिंकलेला डबा काढला, अजून अर्धाही फोडला नव्हता, आणि म्हणाली, "म्हंजे मी जिंकलेच न्हाई." तो डबा ती दुकानदाराकडे घेऊन गेली. त्यानं उरलेल्या पुड्या कमी भावात परत घेतल्या. साठ रुपये दिले. पत्त्यांना तिनं पुन्हा हात लावला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ते साठ रुपये घेऊन मी तांड्यावर गेले. मैत्रीण दारात ज्वारी पाखडत होती. तिनं बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच बोलायला लागले, अर्धं बोलले, आणि पुढं येईना.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"तवाच कळलं. चार साल झाली तू माझ्याशेजारी बसतीस. तुह्या तोंडून दिवसाला चार बोल निघत न्हाईत. आन त्या दिशी लेकीला पाणी पाजताना तुहे व्हट थांबंनात." तिनं सूप खाली ठेवलं. "म्या वाट बघत होते, कवा येतीस. ढिगावर ती वैनी बोलली तवा वाटलं, आता बोलंल. तू बोलली न्हाईस."

मी साठ रुपये पुढं केले. म्हणाले, बाकीचे दर बाजाराला देईन, परीक्षेच्या आत तीनशे पुरे करीन, पोराला शाळेत बोलाव.

"इथं नको," ती म्हणाली. "माझ्या लेकराला चोर म्हणले ते चारचौघींत म्हणले. पैसे बी तिथंच दे. आन कशाचे ते सांगून दे."

"मला बोलता येत न्हाई गं."

"त्या दिशी येत होतं," ती म्हणाली, आणि परत पाखडायला लागली.

घरी नवऱ्याला सांगावं लागलं, कारण मजुरीचे पैसे कमी येणार होते. तो म्हणाला, "लेकरायच्या खेळाचे पैसे कोणी मोठ्या माणसानं भरलेत का कधी?"

"मी पण खेळत होते," मी म्हणाले.

"तू?" तो हसायला लागला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मग ताट पुढं ओढून म्हणाला, "भर मग."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मजुरी वाटली. बायका ढिगाजवळच नोटा मोजत उभ्या होत्या. मी मैत्रिणीपुढं गेले आणि डब्याचे साठ आणि मजुरीतले साठ, असे पैसे पुढं धरले. ती हात पुढं करून उभी राहिली, पण बोटं मिटेना. वाट बघत राहिली.

"कायचे गं हे?" आत्यानं विचारलं.

मी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल माय, मला ऐकू येत न्हाई."

मग मी बोलले. मी पत्ते लावायची. ढिगावर ऐकलेलं घरी नेऊन त्याच्यावर लावायची. बाजारात हिनं मला विश्वासानं सांगितलं आणि मी ते पोरीला सांगितलं. हिचं पोरगं खेळात हरलं ते माझ्यामुळं. त्यानं पैसे पुड्यांसाठी घेतले, दुसऱ्या कशासाठी नाही.

"अगं माय!" कुणीतरी हसलं. "मोठी बाई पत्ते लावून राहिली!"

पण ते हसू पुढं गेलं नाही. जिचं पोरगं वजन बोलायचं, तिनं मला विचारलं, "मग माझ्या लेकराचं बी ऐकत होतीस काय?"

"व्हय."

"आन माझ्या?" दुसरी म्हणाली.

"व्हय."

कुणी शिवी दिली नाही. एकेकीनं आपापल्या लेकराचं कधी काय बोललो ते मनात आठवून बघितलं असणार, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याकडे बोट करून माझं कौतुक केलेली ती वैनी आपल्या नोटा परत परत मोजत राहिली. मैत्रिणीनं बोटं मिटली आणि पैसे घेतले.

त्यानंतर मी ढिगाशी बसले की बोलणं बंद व्हायचं. पावसापाण्याचं बोलायच्या, मजुरीचं बोलायच्या. लेकरांचं नाही, घरचं नाही. मैत्रीण ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागली. मला कुणी उन्हात बस म्हटलं नाही, पण सावलीत बसायचा धीर मला झाला नाही.

दर बाजाराला तसंच. मी साठ रुपये घेऊन पुढं जायची, आणि ती दर वेळी हात पुढं करून थांबायची, मी बोलेपर्यंत. दुसऱ्या वेळी मला तेवढंच जड गेलं. तिसऱ्या वेळी एक नवी बाई कामाला आली होती, तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "पत्त्यायचं एवढं काय?"

घरी दूध बंद केलं. पोरीनं नव्या वह्या मागितल्या नाहीत, जुन्या वह्यांची मागची कोरी पानं काढून शिवली. परीक्षा जवळ येत चालली तशी मी हाजरी बुडू नये म्हणून ताप असतानाही गेले. मैत्रिणीनं ते बघितलं. दुपारी तिनं आपल्या लोट्यातलं पाणी माझ्यापुढं सरकवलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

चौथ्या बाजाराला मी शेवटचे साठ रुपये घेऊन गेले. परीक्षेला पाच-सहा दिवस राहिले होते. तिनं हात पुढं केला. मी म्हणाले, हे पत्त्यांचे, मी ऐकलेलं वापरलं त्याचे, हिच्या लेकरानं चोरी केली नाही. आता मला ते पाठ झालं होतं.

तिनं नोटा घेतल्या. या वेळी त्या मोजल्या, सगळ्यांच्या पुढं, आधीचे मिळवून. "तीनशे झाले," ती आत्याला म्हणाली. "उद्याच्या पहिल्या गाडीनं त्याचा बाप सिद्धेश्वरला जाणार हाय. लेकराला घेऊन येतो." मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ. "फिटले," ती म्हणाली.

मी म्हणाले, "फिटले." ती पैसे कनवटीला खोचून ढिगाच्या तिच्या बाजूला गेली, आणि मी माझ्या.